मग घोडदळ आलं

परवा दुपारी भाचा माझ्या शेजारी पालथा पडून कॉमिक वाचत होता. मला झोप लागत नव्हती, म्हणून त्याची पानं मोजत बसले. मग घड्याळ लावलं. एका पानाला साधारण वीस सेकंद. मारामारीच्या पानाला आठ.

"अरे, चित्रं तरी बघ!"

"बघतोय ना, मावशी," म्हणाला आणि पान उलटलं.

मला आपलं उगाच लागलं. ते पान काढण्यात कुणाचा तरी अख्खा दिवस गेला असणार. आधी चिठोऱ्यावर बोटाएवढ्या चौकटी पाडून कोण कुठे उभं राहील ते ठरवायचं, मग छापील पानाच्या जवळजवळ दीडपट मोठ्या जाड कागदावर पेन्सिल, तिच्यावर शाई. फुग्यांना जागा आधीच सोडायची, नाहीतर बोलणाऱ्याचंच डोकं फुग्याखाली जातं. माझ्या नायकाचं तीन वेळा गेलं होतं.

म्हणजे काय, की लहानपणी आम्हीही कॉमिक काढायचो. वहीच्या मागच्या पानांवर. दादा लेखक, मी चित्रकार. ही वाटणी कुणी केली आठवत नाही, पण तिच्यात मी फसले एवढं नक्की. माझा नायक दर चौकटीत वेगळाच माणूस दिसायचा. ओळखू यावा म्हणून त्याच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली, तर चौथ्या पानावर पट्टीनेच डोळा बदलला. हात मला जमत नसत, म्हणून आमच्या गोष्टीतले सगळे, अगदी दरोडेखोरसुद्धा, हात मागे बांधून उभे. एकाच चेहऱ्याला शंभर चौकटींत तोच चेहरा ठेवणं ही काय चीज आहे, ते मला त्या वहीने शिकवलं. एखादं सुंदर चित्र काय, कधीतरी साधूनही जातं.

आणि एक दिवस दादाने लिहिलं, 'मग घोडदळ आलं.' तीन शब्द. लिहिले आणि खेळायला पळाला.

घोडदळ! पन्नास घोडे धरले तरी दोनशे पाय. त्यात घोड्याचा मागचा पाय नेमका कुठल्या बाजूला वाकतो? खोडून खोडून कागदाला भोक पडलं. शेवटी मी धूळ काढली. चौकटभर नुसती गोल गोल धूळ आणि तिच्यातून 'टपटप टपटप'.

"घोडे कुठायत?" दादा भडकला.

"धुळीत."

आता वाटतं, मी अजाणता धंद्यातली गोष्ट केली होती. कॉमिकमध्ये अर्धी गोष्ट न काढलेल्या जागेतच घडते. एका चौकटीत उगारलेली मूठ, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस. ठोसा कुठाय? मधल्या पांढऱ्या पट्टीत. तो वाचणारा स्वतःच मारतो. त्या पट्टीला ही मंडळी 'गटर' म्हणतात. आपल्या भाषेत त्या शब्दाला जो वास आहे, तो क्षणभर विसरायचा.

पूर्वी कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करत. छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसायचाच नाही, म्हणून खोडायची गरज नसे. सगळी चाचपड, सगळ्या चुकलेल्या रेषा तशाच कागदावर असायच्या आणि छापून आलेलं पान मात्र एका झटक्यात काढल्यासारखं. मला ती निळी पेन्सिल फार आवडते. मी कधी वापरली नाही, तो भाग वेगळा.

पण हे सगळं करायचं कशासाठी? वर्तमानपत्रात रोज चार चौकटींची 'पीनट्स' ही स्ट्रिप काढणाऱ्या चार्ल्स शुल्झचं मला राहून राहून नवल वाटतं. २ ऑक्टोबर १९५० पासून पन्नासेक वर्षं तेच गोल डोक्याचं पोर, तोच कुत्रा. १७,८९७ स्ट्रिप्स, आणि हाताखाली कुणी चित्रकार नाही. त्याच्या आवडीची निब बनवणारी कंपनी बंद पडायला आली, तेव्हा त्याने उरलेल्या सगळ्या निब्ज विकत घेऊन ठेवल्या. १९८१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर हाताला कंप सुटला, तर रेष थरथरत का होईना, काढत राहिला. आपल्यामागे दुसऱ्या कुणी ती पात्रं काढू नयेत, ही त्याची इच्छा. शेवटची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापून आली. आदल्याच रात्री तो गेला होता.

ती स्ट्रिप वाचायला लोकांना किती सेकंद लागले असतील?

तेवढ्यात भाच्याने आणखी एक पान उलटलं. आणि खरं सांगायचं तर उजव्या पानाची शेवटची चौकट काढताना चित्रकाराला हेच हवं असतं. दार किलकिलं होतंय, पलीकडे कोण आहे ते मात्र पान उलटल्यावर. पोरगं रेंगाळत बसलं असतं तर चित्रकाराचंच काहीतरी चुकलं असतं. हे मला पटतं. तरी आठ सेकंद म्हणजे जरा अतीच.

संध्याकाळी दादाला फोन केला. म्हटलं, "आपल्या त्या गोष्टीत घोडदळ आल्यावर पुढे काय होणार होतं रे?"

तो हसेल असं वाटलं होतं. जरा वेळ काहीच बोलला नाही.

"तू धुळीनंतर काढलंच नाहीस," म्हणाला. "मी लिहून ठेवलं होतं की. चार पानं."

घोड्याचा मागचा पाय मला अजूनही जमत नाही.