विद्याथीर्, एक टक्का आणि एकतीस टक्के: माझ्या प्रबंधाची प्लॅगरिझम तपासणी

मी तालुक्याच्या ठिकाणी बीएच्या मुलांना शिकवते. पीएचडीचं रजिस्ट्रेशन २०१९ ला झालं, विषय शिक्षणशास्त्रातला, अंतर्गत मूल्यमापन. म्हणजे आमच्या हातात असलेले ते ३० मार्क आणि लेखीचे ७० यांचा एकमेकांशी काही मेळ बसतो का ते बघायचं. (बसत नाही. मी बघितलेल्या आठ कॉलेजांत ३० पैकी २४ च्या खाली कोणी उतरायलाच तयार नाही, लेखीत मात्र तीच मुलं पासिंगसाठी धडपडतायत. आणि ते मार्क देणाऱ्यांत मी पण आहे, हे प्रबंधात लिहायला जरा जड गेलं.)

बाकीचं सगळ्यांचं होतं तसंच झालं. कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी कमिटीपुढे जाऊन "काम प्रगतीपथावर आहे" म्हणायचं, दोन कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचे. माझं रजिस्ट्रेशन यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांतलं, त्यामुळे सबमिशनच्या आधी एक पेपर छापून येणं कम्पल्सरी होतं, नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत ती अट काढून टाकली. तेव्हा रोज व्हॉट्सॅपवर मेसेज यायचे, दोन दिवसात पेपर छापून देतो, सर्टिफिकेट सोबत. मोह झाला नाही असं म्हणणार नाही, पण गाइड मॅडमनी आधीच दम दिलेला, तसलं काही आणलंस तर सही करणार नाही. नीट जर्नलला दिला, आठ महिने लागले. असो.

खरी गंमत सुरू झाली शेवटी. सगळी प्रकरणं मी हाताने लिहून एका टायपिंगवाल्या दादांकडे देत होते, त्यांनी अर्ध्या विद्यापीठाचे प्रबंध टाइप केलेत, हात असा चालतो की बघत राहावं. पण ते टाइप करतात जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (म्हणजे मशीनलाही मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्यात) नाही. मला तेव्हा हा फरकच माहीत नव्हता, प्रिंट झकास येत होती ना, मग झालं. पीडीएफ लायब्ररीत दिली, इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या शोधशुद्धी उपक्रमातून विद्यापीठांना मजकूर कुठून उचललाय का ते बघणारं जे सॉफ्टवेअर मिळतं त्यात टाकली आणि रिपोर्ट आला, साम्य १ टक्का. मी घरी फोन करून सांगितलं सुद्धा. नवऱ्याने पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल सरांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण हा एक टक्का खरा नाही." त्यांनी माझ्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. पानभर नुसता काला, कुठे इंग्रजी कॅपिटल अक्षरं, कुठे डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं, कुठे डॉलरचं चिन्ह. जुन्या फॉन्टमध्ये आत ही असली अक्षरं असतात आणि त्यांच्यावर मराठी चेहरा चढवलेला असतो. आपण चेहरा वाचतो, मशीन आतलं वाचतं. "तुमचं एक अक्षर त्याला कळलेलं नाही, म्हणून कशाशीच जुळलं नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाले की बरेच जण हे माहीत असून असंच देतात. मला विचारलं तुम्हाला कसं करायचंय. आता एवढं कळल्यावर कसं करायचं? म्हटलं, करा युनिकोड.

कन्व्हर्टर फुकट मिळतो, एका क्लिकवर २६० पानं फिरतात, आणि रफाराची वाट लागते. विद्यार्थी चं झालं विद्याथीर्. कार्यक्रम चं कायर्क्रम. विद्यार्थ्यांना चं जे झालं ते मला इथे टाइप पण करता येत नाहीये. आता विचार करा, शिक्षणशास्त्राचा प्रबंध, त्यात विद्यार्थी हा शब्द किती वेळा येत असेल. फाइंड रिप्लेस केलं, पण मराठीत एक विद्यार्थी नसतो ना, विद्यार्थ्याने, विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थ्यांमधील, विद्यार्थिनी, प्रत्येकाचं बिघडलेलं रूप वेगळं, एकेक शोधून बदलायचं. त्यात घाईत एकदा "र्" म्हणजे मोडलेला रफार एवढंच सगळीकडून उडवलं तर मार्गदर्शक मॅडम मागदशक झाल्या. परत पहिल्यापासून. अडीच आठवडे गेले, रात्री अकरा ते एक, लेक शेजारी झोपलेली आणि मी स्क्रीनवर रफार चढवतेय.

झालं आणि परत तपासायला टाकलं. ३१ टक्के.

यूजीसीची प्लॅगरिझमवरची २०१८ ची नियमावली मला तोपर्यंत पाठ झाली होती, १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यायचं आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिने, ४० ते ६० म्हणजे एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. म्हणजे मी मधल्या खड्ड्यात. त्या दिवशी कॉलेजात एका मुलीने फाइल आणून दिली, मी न उघडता सही केली.

दोन दिवसांनी सरांसोबत बसून रिपोर्ट ओळीन् ओळ बघितला तेव्हा जरा जीवात जीव आला. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे सगळं नियमाप्रमाणे वगळायचं असतं, ते सेटिंगच चालू केलं नव्हतं. २२ वर आलं. माझाच छापून आलेला पेपर माझ्याच चौथ्या प्रकरणाशी जुळत होता, त्याला गाइडचं पत्र लागलं, १६. उरलेल्यात बरंचसं तिसरं प्रकरण. "प्रस्तुत संशोधनासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे." हे वाक्य मी कुठून चोरलं सांगा? मराठीतला कुठलाही शिक्षणशास्त्राचा प्रबंध उघडा, हेच वाक्य आहे, गृहीतके, मर्यादा, व्याप्ती, सगळं त्याच साच्यात, कारण साचा बदलला की कमिटीत विचारतात हे असं का लिहिलंय. नियमात सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलं तर सूट आहे, पण मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटलेली, चौदा शब्दांत आपलं अख्खं वाक्य बसतं आणि वर अर्धं उरतं, म्हणजे ती सूट आपल्याला उलट जास्तच मिळते. तरी एवढं जुळत होतं! मग एकेक वाक्य मोडून मी काय केलं ते साधं लिहिलं. "आठ कॉलेजांत गेले, ४१२ विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका बघितल्या" असं. गाइड मॅडम म्हणाल्या, थोडं बोलल्यासारखं वाटतंय, पण राहू दे.

एक गोष्ट मात्र माझीच होती. दुसऱ्या प्रकरणात मूल्यमापन आणि मापन यांतल्या फरकावर एक परिच्छेद, चांगला बारा ओळींचा, रिपोर्टमध्ये सगळा लाल. मला तो माझा वाटत होता. घरी एमएडच्या वेळची वही काढली, त्यात माझ्याच अक्षरात तो परिच्छेद, खाली ना पुस्तकाचं नाव ना पान नंबर. तेव्हा लायब्ररीत बसून उतरवून घेतला असणार, दहा वर्षांनी वही उघडली तेव्हा अक्षर माझं म्हणून मजकूरही माझाच समजले. मूळ पुस्तक शोधून संदर्भ दिला, परिच्छेद तीन ओळींवर आणला. पहिल्या एक टक्क्यावर समाधान मानलं असतं तर तो तसाच माझ्या नावावर छापला गेला असता, प्रबंध ऑनलाइन ठेवतात त्या शोधगंगेवर कायमचा.

शेवटचा रिपोर्ट ७ टक्के. यावेळी पेढे नाहीत, मीच नको म्हटलं.

टायपिंगवाल्या दादांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "ताई, युनिकोडमध्ये माझा स्पीड अर्धा होतो, आणि गिऱ्हाईक मागतच नाही." त्यांचंही खरंच आहे. कोणी नुकतं रजिस्ट्रेशन केलं असेल तर पहिल्या पानापासून युनिकोडच मागा, पैसे थोडे जास्त गेले तरी.

व्हायवा चांगला झाला. बाहेरून आलेल्या सरांनी हार्डबाउंड कॉपी चाळत चाळत एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे विद्याथीर् म्हणजे काय?" पान १४३, तळटीप. तळटिपांमध्ये मी फाइंड रिप्लेस चालवायलाच विसरले होते.