तुम्ही 'बघतो' का म्हणत नाही?

हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो, तोही किंचित वैतागून. कुणी काम सांगितलं की मी एकतर 'शुक्रवारी संध्याकाळपर्यंत देतो' म्हणतो, नाहीतर 'मला जमणार नाही'. मधला 'बघतो' नाहीच. समोरच्याला ते तुटक वाटतं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पूर्वी मी येताजाता 'बघतो' म्हणायचो. माझ्या लेखी त्याचा अर्थ 'वेळ मिळाला तर' एवढाच. एका सहकाऱ्याने तो 'हो' असा घेतला, स्वतःचं पुढचं सगळं काम त्यावर बेतलं आणि ठरल्या दिवशी (म्हणजे त्याच्या लेखी ठरल्या) समोर येऊन उभा राहिला. मी खोटं बोललो नव्हतो. भांडणही झालं नाही. फक्त त्यानंतर तो माझ्याकडे कधी काम घेऊन आला नाही.

पुढे शर्मन केंट यांचा किस्सा वाचनात आला आणि तो सहकारी आठवला. केंट हे अमेरिकेच्या सीआयएमधले विश्लेषक. १९५१ साली त्यांच्या गटाच्या अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे असं लिहिलं होतं. एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, साधारण १०० पैकी ६५. अधिकारी चपापलाच, तो आणि त्याचे सहकारी ती बरीच कमी धरून चालले होते. मग केंटनी आपल्याच गटातल्या लोकांना विचारलं, तर कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०! हा शब्द सगळ्यांनी एकत्र बसून मान्य केला होता. प्रत्येकाने त्यात आपापला आकडा घातला होता, म्हणूनच तो इतका सहज मान्य झाला असणार.

आपल्या भाषेत तर कर्ता गाळायची छान सोय आहे. 'निरोप द्यायचा राहिला', 'फाइल राहून गेली', 'होऊन जाईल'. जणू फाइलच चालता चालता मागे रेंगाळली. मी 'मी विसरलो' म्हणायला लागलो तेव्हा सुरुवातीला जीभ अडखळायची. पण एकदा 'मी विसरलो' म्हटलं की 'का विसरलो' हा प्रश्न आपोआप मागून येतो. त्यातून लक्षात आलं की उभ्याउभ्या, जाताजाता सांगितलेली कामंच मी विसरतो. आता अशा वेळी मी थांबतो आणि लिहून घेतो. 'राहून गेलं' म्हणत होतो तोवर इतकी साधी गोष्ट मला वर्षानुवर्षं कळली नव्हती.

शब्दांत ऊर्जा असते, रोज आरशासमोर चांगलं बोलावं, वगैरे सल्ले मला पटत नाहीत. मात्र 'खरं सांगायचं तर' कुणी फार वेळा म्हणू लागलं की आधीचं काय होतं, अशी शंका मला येतेच.

आणि सगळीकडे नेमकेपणा चालत नाही. आजारी माणसाने 'बरा होईन ना?' विचारलं तर टक्केवारी कसली सांगता!

परवा एकाने काम सांगितलं. मी म्हणालो, "आत्ता सांगता येत नाही, बुधवारी कळवतो." तो हसला, "म्हणजे बघतोच की!"

नाही हो. त्यात बुधवार आहे.