यादीत नसलेली आमरी

रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या झाडांची मोजणी करणं हे माझं काम. मे संपत आला होता. मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे, एका जुन्या आंब्याला १.३७ मीटर उंचीवर टेप गुंडाळला, घेर लिहून घेतला आणि वर पाहिलं. फांदीफांदीवर आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, फुलली होती. फिकट गुलाबी पाकळ्या, त्यांवर जांभळे ठिपके, ओठासारखी पुढची पाकळी गडद. शास्त्रीय नाव एरिडिस मॅक्युलोसा. भारताबाहेर ही कुठे उगवत नाही.

जागेच्या मालकीण आजी म्हणाल्या, “बांडगूळ हाय त्ये, ताई. झाडाला खातंय.”

वादळात मोडून पडलेली एक फांदी शेजारीच होती. तिच्यावरची मुळं मी आजींना दाखवली. बांडगूळ लाकडात घुसून रस ओढतं. ही मुळं सालीला नुसती धरून होती. वरचं पांढरं सच्छिद्र आवरण पाऊस आणि धुकं शोषतं. बाटलीतलं पाणी ओतलं, तशी मुळं हिरवी दिसू लागली. आजी वाकून बघत राहिल्या. “म्हंजी पाण्यावरच जगतंय व्हय!” पाणी, हवा आणि सालीवर साचलेला पालापाचोळा, एवढंच.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “मॅडम, आवडलं तर घेऊन जा, गॅलरीत लावा.” मला ते फार लागलं. ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे. शिवाय आमरीचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा नसतोच. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं. गॅलरीत एक रोप जगेलही, पण त्याची पुढची पिढी कुठे रुजणार?

आमच्या तक्त्यात झाडाची जात, घेर, उंची असे रकाने आहेत. झाडावर काय जगतंय, याचा रकाना नाही. मग मी शेऱ्यात लिहिलं, जोडीला फोटो लावले, आणि रस्त्याची आखणी समोरच्या मोकळ्या माळाकडे सरकवावी अशी शिफारस केली. पुढच्या झाडांवरही तेच केलं. उशीर झाला म्हणून सहकारी कुरकुरले.

पडलेल्या फांदीवरच्या आमऱ्या आजींच्या मुलाने परसातल्या आंब्याला काथ्याने बांधल्या. पाऊस तोंडावर होता, मुळं धरायला याहून चांगली वेळ नाही. आखणीचा निर्णय अजून आलेला नाही. दर आठवड्याला मी फोन करून विचारते.