क्रीपर वर्ल्ड ३, नोंद चौथी: तोफा वाढवल्या आणि बुडालो

काल रात्री तोच नकाशा तिसऱ्यांदा उघडला. आधी दोनदा बुडालो होतो आणि दोन्ही वेळा चूक एकच होती: घाबरून तोफा लावत सुटलो.

ज्यांनी हा गेम अजून खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे शत्रूचं सैन्य नसतं, क्रीपर नावाचा निळा द्रव असतो. एमिटर म्हणजे त्याचा उगम, त्यातून तो सतत वाहत राहतो, उताराने पसरतो, आधी खड्डा भरतो आणि मग काठावरून सांडतो. त्याला ना डोकं, ना राग. म्हणूनच हरल्यावर जास्त झोंबतं, कारण कम्प्युटरने फसवलं असं म्हणायची सोयच नाही.

तर तोफांचं. पल्स कॅनन बांधायलाही ऊर्जा लागते आणि तिला दारूगोळा पोचवायलाही. दोन्ही कमांड नोडच्या, म्हणजे आपल्या मुख्य तळाच्या, एकाच साठ्यातून जातं. मी सुरुवातीलाच आठ-दहा कॅनन मांडल्या. साठा शून्यावर आला, निम्म्या तोफा अर्धवट बांधलेल्या राहिल्या, उरलेल्या रिकाम्या. तेवढ्यात क्रीपरने एक रिले (तळ लांबच्या बांधकामांशी जोडणारा खांब) गिळला आणि त्याच्या पलीकडचं सगळं तुटलं. पाच मिनिटांत खेळ आटोपला.

तिसऱ्या वेळी नोड सगळ्यात उंच पठारावर उतरवला आणि बराच वेळ एकही तोफ बांधली नाही. फक्त जमिनीवरून ऊर्जा गोळा करणारे कलेक्टर, तेही लांब लांब, कारण दोघांच्या टापूत येणारी जमीन एकदाच मोजली जाते. मग ऊर्जा बनवणारे दोन रिअ‍ॅक्टर. खालची दरी भरेपर्यंत क्रीपर वर येत नाही, तेवढा वेळ आपला. हात शिवशिवत होते, पण थांबलो.

मग दरीच्या तोंडाशी तीन मॉर्टर. मॉर्टर पल्ल्यातल्या सगळ्यात खोल जागी गोळा टाकतो, कॅनन पातळ थरावर कामाची. साचलेल्या डोहावर नुसती कॅनन चालवणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं, आणि मी दोन रात्री तेच करत होतो! यावेळी मॉर्टरने खोली कमी केली, कॅननने काठ साफ केले आणि एकेक तोफ उचलून पुढे सरकवली. मध्येच वरून स्पोअर, म्हणजे क्रीपरचे उडते गोळे, आले. ते हवेतच पाडणारी बीम बांधायची विसरलो होतो, चार कलेक्टर गेले. ते खापर माझ्याच डोक्यावर.

आता आपल्यात नेहमी होणारा वाद. एक मित्र म्हणतो, हा स्ट्रॅटेजी गेम नाहीच, कोडं आहे. दुसऱ्याची तक्रार अशी की खरी लढाई पहिल्या वीस मिनिटांची, पुढे जिंकलेलं मैदान पुसत बसायचं. दुसऱ्याचं म्हणणं खोटं नाही. मीही शेवटी वेग वाढवून चहा करायला उठतो. पण ज्या दरीने दोनदा बुडवलं ती हळूहळू कोरडी पडताना बघण्यात मजा आहे, ती मला तरी पुसापुशी वाटत नाही.

भाग कुठला चांगला, यावरही एकमत होणार नाही. नकल क्रॅकर या नावाने व्हर्जिल वॉल हे गेम काढतो. २००९ चा पहिला छोटा आणि नेटका, अजूनही कधीतरी उघडतो. दुसऱ्यात सगळं बाजूने दिसतं, ते मला जमलं नाही, चार मोहिमांत सोडला. २०२० चा चौथा थ्रीडी आहे, द्रवाची लाट त्यात खरोखर लाटेसारखी दिसते. तरी मी तिसऱ्याकडेच परततो. वरून सपाट नकाशा बघायची सवय आणि खेळाडूंनी बनवलेल्या नकाशांचा ढीग, एवढंच कारण.

सध्याची स्थिती: दोन एमिटर नलिफायरने (एमिटर नष्ट करणारं यंत्र) उडवले, एक उरला आहे. तो खोलगटात बसलाय, नलिफायर शेजारीच बांधावा लागतो आणि तिथली जमीन क्षणभरही कोरडी राहत नाही. मॉर्टर तीनवरून पाच करणार आहे. आधी आणखी एक रिअ‍ॅक्टर, मग मॉर्टर. गेम सेव्ह करून झोपलो तेव्हा दीड वाजला होता.