शेत आणि मैदान जपणाऱ्या माणसाची आठवण लिहिताना

गेलेल्या माणसाबद्दल ‘कष्टाळू, मनमिळाऊ, खिलाडू वृत्तीचा’ एवढंच लिहिलं, तर तो कुणीही असू शकतो. त्यापेक्षा त्याच्या हातची कामं लिहा.

घरच्यांना नेमकं विचारा: रानाला वाफसा आला, म्हणजे माती मशागत-पेरणीला हवी तेवढीच ओली राहिली, हे तो कसा ओळखायचा? मूठभर माती दाबून केलेला गोळा बोटाच्या हलक्या दाबानं फुटला, तर वाफसा आहे. चिकटूनच राहिला, तर ओल अजून जास्त आहे. अशा रानात औत घातलं की ढेकळं निघतात आणि खालचा थर दबून मुळं अडतात. शेजाऱ्यांची पेरणी सुरू झाली तरी दोन दिवस थांबणारा माणूस कसा होता, हे त्या थांबण्यातूनच कळतं.

मैदानाचंही तसंच. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर, मोजून आखणं सोपं. अवघड काम रोलरचं. पाणी मारल्यावर घाई केली तर माती रोलरला चिकटते, उशीर झाला तर ती दबतच नाही. म्हणजे इथंही वाफसाच!

सामन्यांची वर्षं आठवणीवर सोडू नका, प्रमाणपत्रांशी ताडून घ्या. फोटोमागचं वर्ष बऱ्याचदा नंतर कुणीतरी अंदाजानं टाकलेलं असतं. सुना-नातवंडांची नावं दोनदा तपासा. हमखास चुकतात ती तीच. सभेत वाचायचं असेल तर 500 शब्द पुरेत, चार-पाच मिनिटं जातात.