रिकाम्या हाताचं काय करायचं

आज आर्निसच्या, म्हणजे फिलिपिन्सच्या काठीच्या युद्धकलेच्या, तासाला जवळजवळ पूर्ण वेळ हुबाद हा जोडीचा सराव. समोरचा वरून मारतो. एका हाताने अडवायचं, दुसऱ्याने बाजूला सारायचं, पहिल्या हाताने त्याचा हात दाबून ठेवायचा आणि आपला फटका द्यायचा. मग तेच त्याच्याकडून. मध्ये थांबायचं नाही.

माझा डावा हात मात्र मध्येच कमरेकडे पळतो. उजवा ठोसा गेला की डावी मूठ कमरेला, हे कराटेत इतकं अंगवळणी पडलंय की मी काही ठरवायच्या आत हात तिथे पोचलेला असतो. आर्निसमध्ये काठी उजव्या हातात असली तरी डावा पंजा छातीसमोर, उघडा, सतत कामावर. तो खाली गेला रे गेला की जोडीदार काठी माझ्या मनगटावर टेकवतो. मारत नाही, नुसती टेकवतो आणि हसतो. ते जास्त लागतं.

मुळात दोन्हीकडचा क्रमच उलटा. कराटेत आधी रिकामे हात. शस्त्रं हवीत तर कोबुदो वेगळं शिका. आर्निसमध्ये सुरुवातीलाच 28 इंचांच्या आसपासची वेताची काठी हातात येते, आणि तिच्यावर घोटलेल्या कोनांवरच पुढे सुरा आणि रिकामे हात चालतात. त्यामुळे वरच्या फटक्यावरचं माझं ठेवणीतलं उत्तर, आगे-उके (हात वर उचलून अडवणं), इथे बाद. ठोसा त्याने अडतो. जोरात आलेल्या काठीखाली हाडच तडकायचं. त्यापेक्षा काठी धरणाऱ्या हातावरच मारायचं, नाहीतर तिरकं पाऊल टाकून फटक्याच्या रेषेबाहेर पडायचं.

आज एक गंमत झाली. जोडीदाराचा हात नुसता दाबायच्या ऐवजी मी मनगट पकडलं आणि सवयीने कमरेकडे ओढलं. तो सरळ पुढे झुकला, मागची टाच उचलली गेली, हनुवटी माझ्या ठोशाच्या वाटेत. हिकिते म्हणजे रिकामी मूठ मागे नेणं नाही, काहीतरी पकडून ओढणं, हे सेन्सेईंनी, माझ्या कराटेच्या गुरूंनी, कितीदा सांगितलंय. मीही दरवेळी मान डोलावली. पण हवेत ठोसे मारताना त्या मुठीत कधी काही नव्हतंच ना!

रेमी प्रेसास स्वतः ज्युदो-कराटे केलेले. मॉडर्न आर्निस त्यांनी उभं केलं. आपली कला सोडू नका, आर्निस तिच्यातच सामावून घ्या, असं ते शिकवायचे. मला हे अर्धंच पटतं. हातांचं जमतंय. पायांचं इतक्यात नको. झेनकुत्सु-दाची या कराटेच्या पवित्र्यातला लांब, रोवलेला पाय आणि आर्निसचं त्रिकोणातलं हलकं पाऊल एकत्र करायला गेलं की धड हे नाही, धड ते नाही. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, चालून जातं, तिथे पाय तसेही हलतेच असतात. कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, नाही.

बेल्टच्या परीक्षेपर्यंत काठीला हात लावू नकोस, असं सेन्सेईंचं म्हणणं. त्यांची काळजी कळते. परीक्षक मूठ कमरेला आहे की नाही तेच बघणार. काठी मी सोडणार नाही, पण काता आहे तशीच ठेवीन. बुंकाईच्या वेळी, म्हणजे कातातल्या हालचाली जोडीदारावर वापरून बघताना, मात्र हेइआन शोदान या कातामधले सलग तीन आगे-उके काठीवाल्यासमोर करून बघायचेत: पुढच्या उघड्या हाताने मनगट पकडून कमरेला, आणि तेवढ्यात काठीच्या टोकाच्या पुढे जाऊन त्याच्या जवळ शिरायचं. त्यासाठी आधी फोम गुंडाळलेली काठी मिळवायला हवी.