शिलकेतले शेवटचे दोन अंक

१९९५ च्या मार्चअखेरीचं व्याज खात्यांवर चढलं आणि त्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या एका पतसंस्थेतून फोन आला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, गृहरचना संस्थांच्या शिलकेतले पैसे दिसत नाहीयेत. रुपये दिसतात, टिंब दिसतं, पुढे काहीच नाही. बाकीच्यांचं सगळं व्यवस्थित आहे."

मी पोचलो तेव्हा व्यवस्थापकांनी निष्कर्ष काढून ठेवला होता: संस्थांच्या खात्यांचा व्याजाचा हिशोब चुकतोय. संशय रास्त होता, कारण पैशांचे आकडे व्याजामुळेच आले होते. पण खतावणी छापून पाहिली तर प्रत्येक शिल्लक पैशासकट बरोबर. मुख्य मशिनच्या पडद्यावरही बरोबर. चूक दिसत होती ती फक्त काउंटरवर नुकत्याच बसवलेल्या टर्मिनलांवर, म्हणजे मुख्य मशिनला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या जोड्यांवर.

मशिनवर एससीओ युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि टर्मिनलं ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट नेणाऱ्या, सिरीयल वायरींनी जोडलेली. जुनी व्हीटी१०० जातीची, नवी वाइज ५० शी जुळणारी. दोघांची भाषा वेगळी. कर्सर पाचव्या ओळीत दहाव्या कॉलमवर न्यायचा तर व्हीटी१०० ला एस्केप (पुढे आज्ञा येतेय हे सांगणारं अक्षर), चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १०, एच असं पाठवायचं. वाइजला एस्केप, बरोबरचं चिन्ह आणि पुढे ओळ-कॉलमसाठी एकेक अक्षर, बस. आमच्या सी प्रोग्रॅममध्ये यातलं अक्षरही नव्हतं. तो कर्सेस या पडद्यावर लिहिणाऱ्या तयार लायब्ररीला एवढंच सांगायचा की अमुक जागी अमुक लिही. कुठल्या टर्मिनलला काय पाठवायचं ते कर्सेस टर्मिन्फोतल्या, म्हणजे प्रत्येक जातीच्या टर्मिनलाच्या आज्ञांच्या यादीतल्या, नोंदीतून वाचायची. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास व्हीआय एडिटरसाठी टर्मकॅप ही अशीच पहिली यादी केली, केन अरनॉल्ड यांनी कर्सेस लिहिली, पुढे मार्क हॉर्टन यांनी टर्मकॅपच्या जागी टर्मिन्फो आणलं. या मंडळींनी टर्मिनलाची माहिती प्रोग्रॅमच्या बाहेर काढली, हे किती मोठं काम आहे ते मला त्या दिवशी काउंटरमागे उभं राहून कळलं.

मग बोट नव्या टर्मिनलाच्या नोंदीकडे वळलं. ती टर्मिनलांबरोबर फ्लॉपीवर आली होती. मी आमचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून थेट शेलमध्ये, म्हणजे युनिक्सला आज्ञा द्यायच्या जागी, एक ते पाच आकडे छापले, त्यातला फक्त ३ उलट रंगात (उजळ पट्टीवर काळं अक्षर). जुन्या टर्मिनलावर १२३४५ असं सलग आलं. नव्यावर आलं १२ ३ ४५. तीनच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामं घर!

वाइज ५० चं हे वैशिष्ट्य आहे. उलट रंग चालू-बंद करणारी एस्केप-जी ही खूण पडद्यावर स्वतः एक घर अडवते. टर्मिन्फोत हे सांगायला एक्सएमसी नावाचा आकडा असतो. फ्लॉपीवरच्या नोंदीत तो नव्हताच. त्यामुळे कर्सेसच्या हिशोबी खूण फुकट, आणि काचेवर मात्र तिची जागा भरलेली.

आमच्या यादीत खाते क्रमांक उलट रंगात, मग नाव, मग शिल्लक अगदी ८० व्या कॉलमपर्यंत. दोन खुणा, म्हणजे नाव दोन घरं उजवीकडे. पण मग शिल्लक सगळ्यांचीच का सरकत नव्हती? इथे मला कर्सेसच्या काटकसरीचं फार कौतुक वाटलं. पडद्यावर ८० कॉलम गुणिले २४ ओळी म्हणजे १९२० अक्षरं. एका अक्षराला साधारण दहा बिट लागतात, तेव्हा ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० जातात, म्हणजे भरगच्च पडदा उतरायला दोन सेकंद. म्हणून ती एकेक अक्षर वाचवते. नाव आणि शिल्लक यांत मोठी मोकळी जागा असेल तर चार अक्षरांत थेट उडी मारते, आणि उडी नेमक्या कॉलमवर पडते. जागा दोन-तीन घरांचीच असेल तर उडी महाग, म्हणून तेवढे स्पेस टाकून पुढे सरकते. "अमुक सहकारी गृहरचना संस्था मर्यादित" एवढं लांब नाव पेठेत दुसऱ्या कोणाचं असणार? त्यांचीच शिल्लक नावामागून ढकलली जायची, शेवटचे दोन अंक खालच्या ओळीच्या सुरुवातीला पडायचे आणि पुढच्या खात्याचा क्रमांक त्यांच्यावर लिहिला जायचा.

नोंद इन्फोकम्प या आज्ञेने वाचता येईल अशी उघडली, एक्सएमसी १ घातला आणि टिक ही आज्ञा चालवून पुन्हा बांधली. अंक जागेवर आले, पण आता कर्सेसने उलट रंग वापरणंच सोडून दिलं. मॅडमना ते चाललं नाही. "क्रमांक उठून दिसला नाही तर मी दिवसभर चुकीच्या खात्यात नोंदी करीन," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं. मॅन्युअलमध्ये शोधताना प्रोटेक्ट मोड सापडला: एस्केप आणि बंद कंस दिला की पुढची अक्षरं मंद छटेत येतात आणि एकही घर अडत नाही, उघड्या कंसाने तो मोड बंद होतो. नोंदीतल्या उलट रंगाच्या जागी तेच लिहिलं आणि एक्सएमसी काढून टाकला. क्रमांक मंद, नाव आणि शिल्लक झगझगीत, फरक पुरेसा होता. मॅडमनी लांब नावाची खाती एकामागून एक उघडून छापील खतावणीशी ताडून पाहिली.

प्रोग्रॅमची एक ओळही बदलली नव्हती, पुन्हा कंपाइलही करावा लागला नाही. सुधारलेली नोंद मी फ्लॉपीवर घेतली आणि संस्थेच्या कोथरूड शाखेत गेलो, कारण तसलीच टर्मिनलं त्या संध्याकाळी तिथे बसायची होती.